टॅग नसलेल्या पेशीतही ठिपके दिसतात: सिंगल-मॉलिक्युल ट्रॅकिंगमधले खोटे ठिपके कसे शोधावेत आणि घालवावेत

सिंगल-मॉलिक्युल ट्रॅकिंग म्हणजे प्रथिनाला टॅग जोडून, त्या टॅगवर उजळणारा डाय बसवून, पेशीत एकेका रेणूचा माग काढणे; पडद्यावर प्रत्येक रेणू ठिपका म्हणून दिसतो. या कामातली तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. मागच्या खेपेला केंद्रकात मोजके, स्वच्छ ठिपके होते; या खेपेला पडदा ठिपक्यांनी भरला आहे. लेझर तोच, पेशी त्याच, प्रोटोकॉल तोच. शंका आली म्हणून टॅग नसलेल्या मूळ पेशी त्याच डायमध्ये भिजवून पाहिल्या, तर तिथेही निम्म्याहून जास्त ठिपके हजर. आता आधीच्या खेपेचा डेटा तरी खरा होता का, हा प्रश्न उभा राहतो.

सॉफ्टवेअरला ठिपका म्हणजे आजूबाजूपेक्षा उजळ असलेला, ठरावीक रुंदीचा डाग. तो तुमच्या प्रथिनाचा आहे की काचेला चिकटलेल्या डायचा, हे त्याला कळत नाही. म्हणून प्रथिनाचे ठिपके मोजण्याआधी प्रथिन नसतानाचे ठिपके मोजायला हवेत, आणि तेही त्याच दिवशी, त्याच लेझर पॉवरवर, त्याच एक्स्पोजरवर. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि ते टाळल्यामुळेच ही अडचण पुन्हा पुन्हा येते.

पुढचे आकडे या मांडणीसाठी आहेत: सस्तन प्राण्यांच्या पेशी, केंद्रकातले हॅलोटॅग (डायला पकडून ठेवणारा टॅग) जोडलेले प्रथिन, जेएफ५४९ डाय, ५६१ नॅनोमीटर लेझर, १०० पट आणि १.४९ न्यूमेरिकल अॅपर्चरचा ऑइल ऑब्जेक्टिव्ह, हायलो (तिरप्या पातळ पट्ट्याची) प्रकाशयोजना, १६ मायक्रोमीटर पिक्सेलचा, मंद उजेड टिपणारा ईएमसीसीडी कॅमेरा. या मांडणीत नमुन्यावरचा एक पिक्सेल १६० नॅनोमीटरचा होतो. मांडणी वेगळी असली तर आकडे बदलतील, शोधायची रीत तीच राहील.

कॅमेऱ्यापासून पेशीपर्यंत, एकेक पायरी

पायऱ्या उलट्या क्रमाने चढू नका. पेशीपासून सुरुवात केली की एकाच वेळी पाच शक्यता समोर येतात आणि काहीच ठरत नाही. प्रत्येक पायरीवर २०० फ्रेम घ्या, नेहमीच्याच थ्रेशोल्डने (ठिपका धरण्यासाठीच्या किमान उजळपणाने) ठिपके शोधा आणि दर फ्रेममागे १०० चौरस मायक्रोमीटरमध्ये किती ठिपके आले ते लिहून ठेवा. केंद्रकाचे क्षेत्रफळ साधारण तेवढेच असते, म्हणून हा आकडा थेट उपयोगी पडतो.

१. लेझर बंद, कॅमेऱ्यापुढचे शटर बंद. इथे ठिपके आले तर ते कॅमेऱ्याचे. एससीमॉस या दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्यात काही पिक्सेल कायम उजळ असतात. ओळखायला सोपे: असा ठिपका एकाच पिक्सेलचा असतो आणि स्टेज हलवली तरी जागचा हलत नाही. खरा रेणू एका पिक्सेलमध्ये मावत नाही. जेएफ५४९ साधारण ५७१ नॅनोमीटरला उजळतो, आणि या ऑब्जेक्टिव्हने त्याचा डाग अर्ध्या उंचीवर २०० ते २५० नॅनोमीटर रुंद, म्हणजे आपल्या कॅमेऱ्यावर दीड पिक्सेलच्या आसपास पडतो.

२. शटर उघडे, लेझर बंद. मॉनिटरचा उजेड, एखाद्या उपकरणावरचा छोटा दिवा, दाराच्या फटीतून येणारी तिरीप इथे सापडते. स्टेजवर काळे झाकण ठेवून फरक पाहा.

३. लेझर सुरू, ऑइलवर नुसती धुतलेली कव्हरस्लिप आणि वर शुद्ध पाणी. इथून खरे निदान सुरू होते. ठिपके दिसले तर काच किंवा ऑइल दोषी. ठिपके न दिसता सगळा पट सारखा उजळ दिसला तर फिल्टर तपासा. पाणी ५६१ नॅनोमीटरचा प्रकाश रामन विकिरणाने ६९३ नॅनोमीटरच्या आसपास पाठवते. लाँगपास फिल्टर लावला असेल तर हा सगळा उजेड कॅमेऱ्यावर येतो. ५७० ते ६२० नॅनोमीटर एवढाच पट्टा जाऊ देणारा बँडपास फिल्टर लावला की तो कापला जातो.

४. पाण्याऐवजी इमेजिंग मीडियम. बॅकग्राउंड वाढले तर फिनॉल रेड किंवा रायबोफ्लेविन. फिनॉल रेड नसलेले मीडियम घ्या.

५. टॅग नसलेल्या पेशी, डाय नाही. इथले ठिपके पेशीचे स्वतःचे: फ्लेविन, लिपोफ्युसिनचे कण, मेलेल्या पेशींचा कचरा. ४८८ नॅनोमीटरला हा त्रास मोठा असतो, ५६१ला बराच कमी, ६४०ला त्याहून कमी.

६. टॅग नसलेल्या पेशी आणि डाय. बहुतेक वेळा गाडी इथेच अडते.

७. टॅग असलेल्या पेशी आणि डाय, म्हणजे तुमचा प्रयोग.

सहाव्या पायरीचा आकडा सातव्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी यायला हवा, असा आमचा आग्रह आहे. निम्मा आला तर त्या दिवशीचे मोजमाप थांबवा. "वजाबाकी करून घेऊ" असे म्हणून पुढे जाऊ नका, कारण खोटे ठिपके खऱ्या ठिपक्यांसारखे वागत नाहीत. काचेला चिकटलेला डाय हलत नाही, त्यामुळे डीएनएला घट्ट धरून बसलेल्या प्रथिनाच्या हिशेबात तो जमा होतो आणि नेमका तोच निष्कर्ष बिघडवतो. त्याबद्दल शेवटी सविस्तर येईल.

काच

तिसऱ्या पायरीवर ठिपके आले तर कव्हरस्लिप धुवायची पद्धत बदला. पेटीतून थेट काढलेली काच सिंगल-मॉलिक्युल कामाला पुरेशी स्वच्छ नसते, पेटीवर काहीही लिहिलेले असो. ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिप काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या रॅकमध्ये उभ्या लावा. १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अल्ट्रासॉनिक बाथमध्ये २० ते ३० मिनिटे ठेवा, शुद्ध पाण्याने पाच-सहा वेळा खळखळून घ्या, मग इथेनॉलमध्ये १० मिनिटे, पुन्हा पाणी, आणि नायट्रोजनच्या झोताने कोरड्या करा. प्लाझ्मा क्लीनर असेल तर शेवटी काही मिनिटे त्यात ठेवा. पोटॅशियम हायड्रॉक्साइड डोळ्यांना फार घातक आहे, त्यामुळे गॉगल आणि हातमोजे घालूनच काम करा.

धुतलेल्या काचा प्लॅस्टिकच्या डब्यात आठवडाभर ठेवल्या की पुन्हा मळतात. दोन दिवसांत वापरता येतील एवढ्याच धुवा. कोटिंगमुळेही ठिपके वाढतात: पॉलिलायसिन धनभारित असल्याने डाय आणि इतर कचरा धरून ठेवते. पेशी फायब्रोनेक्टिनवर किंवा नुसत्या स्वच्छ काचेवर बसत असतील तर पॉलिलायसिन टाळा.

ऑइलचीही एकदा परीक्षा घ्या. जुन्या बाटलीतले किंवा दुसऱ्या ऑइलमध्ये मिसळलेले ऑइल सगळ्या पटावर झाक आणते. ऑब्जेक्टिव्ह लेन्स टिश्यूने टिपून कमी प्रतिदीप्तीचे ताजे ऑइल लावा आणि तिसरी पायरी परत करा. लेन्सवर टिश्यू घासू नका. फक्त टेकवून उचला.

सुटा डाय: सगळ्यात मोठा गुन्हेगार

सहाव्या पायरीवर ठिपके वाढले म्हणजे डाय टॅगशिवाय कुठेतरी अडकला आहे. असे का होते ते एका हिशेबाने स्पष्ट होते. १ मिलिलिटर मीडियममध्ये १ नॅनोमोलर डाय म्हणजे ६ × १०^११ रेणू. डिशमध्ये ३ लाख पेशी असतील तर दर पेशीमागे २० लाख रेणू झाले. प्रत्येक फ्रेममध्ये तुम्हाला केंद्रकात हवेत ते मोजके पाचाच्या आत ठिपके. बाकीचे लाखो रेणू धुऊन जायला हवेत. हजारातला एक जरी मागे राहिला तरी दर पेशीत २,००० परके रेणू उरतात.

म्हणून पहिला उपाय म्हणजे डाय कमी करणे. जलद ट्रॅकिंगसाठी १०० पिकोमोलरपासून सुरुवात करा, १५ मिनिटे ठेवा, ठिपके कमी पडले तरच वाढवा. प्रथिन भरपूर असेल तर ५० पिकोमोलरही पुरते. "डाय जास्त घालू, सुरुवातीचे ब्लीच करून (म्हणजे लेझरने कायमचे विझवून) टाकू" ही युक्ती आम्हाला पसंत नाही: तेवढ्या लेझरने पेशीला इजा होते, आणि ब्लीच होईपर्यंत पटाबाहेरचे सुटे रेणू आत येतच राहतात.

पातळ करण्याची रीत चुकली तर मात्र हे आकडे कागदावरच राहतात. स्टॉक डीएमएसओ या द्रावकात १ मिलिमोलर असेल तर मधल्या पायऱ्याही डीएमएसओमध्येच करा. पाण्यात पिकोमोलरपर्यंत पातळ केलेला डाय ट्यूबच्या प्लॅस्टिकला चिकटत जातो. आज १०० पिकोमोलर असलेले उद्या ३० राहते, आणि मग "या खेपेला लेबलिंगच झाले नाही" म्हणून कुणीतरी दसपट डाय घालते. हजारपट पातळ करून १ मायक्रोमोलर, त्यातून दसपट पातळ करून १०० नॅनोमोलर, आणि ऐनवेळी त्यातला १ मायक्रोलिटर १ मिलिलिटर कोमट मीडियममध्ये टाकला की १०० पिकोमोलर होते आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहते. स्टॉकचे ५ मायक्रोलिटरचे छोटे भाग करून उणे २० अंशांवर अंधारात ठेवा. डीएमएसओ हवेतली वाफ ओढून घेते, म्हणून एकच ट्यूब महिनाभर उघड-बंद करू नका.

दुसरा उपाय धुण्याचा. एकामागून एक पाच वेळा झटपट धुतले तर बाहेरचे द्रव तेवढे बदलते. पेशीच्या पडद्यांत शिरलेला डाय बाहेर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ दिल्याशिवाय तो येत नाही. अशी पद्धत ठेवा:

डायचे मीडियम काढून कोमट पीबीएसने (क्षारयुक्त बफर द्रावणाने) ३ वेळा भराभर धुवा. मग १० टक्के सीरम असलेले २ मिलिलिटर ताजे मीडियम घालून इन्क्युबेटरमध्ये १५ मिनिटे ठेवा. सीरममधला अल्ब्युमिन सुटा डाय धरतो, म्हणून इथे सीरम हवेच. मीडियम बदलून आणखी १५ मिनिटे ठेवा. आता कव्हरस्लिप चिमट्याने उचलून नव्या डिशमध्ये किंवा होल्डरमध्ये घ्या. ही पायरी अनेकजण गाळतात; जुन्या डिशच्या प्लॅस्टिकने शोषलेला डाय तासभर हळूहळू परत सुटत राहतो. शेवटी फिनॉल रेड नसलेले मीडियम घालून पुढच्या तासाभरात इमेजिंग संपवा.

एवढे करूनही टॅग नसलेल्या पेशीत ठिपके राहिले तर ते कुठे आहेत ते बघा, जागाच कारण सांगते. फोकस काचेच्या पातळीवर आणल्यावर ठिपके अगदी रेखीव झाले आणि पेशी नसलेल्या जागीही सापडले, तर डाय काचेवर आहे. केंद्रकाबाहेर सुतासारख्या किंवा जाळीदार रचनेत दिसले तर धनभारित डाय मायटोकॉन्ड्रियात जमला आहे. गोल, उजळ, एका दिशेने धावणारे कण म्हणजे बहुधा लायसोसोमसारखी पुटे. ट्रान्सफेक्शननंतर (पेशीत बाहेरून डीएनए घातल्यावर) दुसऱ्याच दिवशी इमेजिंग केले असेल तर अभिकर्मकाच्या लिपिड-गुठळ्या काचेवर आणि पेशीवर बसलेल्या असतात आणि डाय शोषतात. शक्य असेल तर कायमस्वरूपी टॅग असलेली पेशीमालिका वापरा. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने मूळ जनुकातच टॅग घातला असेल तर उत्तम, कारण मग प्रथिनाचे प्रमाणही नैसर्गिक राहते. जोरदार प्रमोटरने प्रथिन कितीतरी पट वाढवले की डीएनएवरच्या जागा भरून जातात आणि उरलेले प्रथिन मोकळे भटकते. त्या डेटातून काढलेला बद्ध अंश (डीएनएवर बसलेल्या प्रथिनाचा हिस्सा) मूळ पेशीबद्दल काहीच सांगत नाही.

जेएफ५४९ने पिच्छा सोडला नाही तर जेएफ६४६ आणि ६४० नॅनोमीटर लेझर वापरून बघा. सुटा असताना हा डाय बराचसा न उजळणाऱ्या रूपात राहतो आणि हॅलोटॅगला जोडला गेल्यावर उजळतो, म्हणून बॅकग्राउंड कमी येते. मोबदल्यात दर रेणूमागे फोटॉन सहसा कमी मिळतात. कुठला डाय घ्यायचा हे सहाव्या पायरीच्या आकड्यावर ठरवा.

केंद्रकाची सीमा दिसावी म्हणून होक्स्ट घालायची सवय असेल तर या प्रयोगात ती सोडा. होक्स्ट आणि डॅपी अतिनील उजेडात बदलून हिरव्या आणि तांबड्या पट्ट्यांतही उजळू लागतात, आणि मग तुमच्या चॅनेलमध्ये केंद्रकाच्या आत, नेमक्या डीएनएवरच, नवे बॅकग्राउंड तयार होते. सीमा साध्या ट्रान्समिटेड प्रकाशातल्या चित्रावरून काढा.

ठिपका खरा आहे, पण एकच रेणू आहे का?

एका रेणूची खूण म्हणजे तो एका झटक्यात विझतो. जागचा ठिपका निवडा, त्याभोवती ७ × ७ पिक्सेलचा चौकोन घ्या, चौकोनातल्या सगळ्या पिक्सेलची बेरीज करून कडेच्या पट्टीवरून काढलेले बॅकग्राउंड वजा करा, आणि हा आकडा फ्रेमनुसार मांडा. खरा रेणू सपाट पठारासारखा चालतो आणि एका फ्रेममध्ये बॅकग्राउंडवर उतरतो. दोन पायऱ्यांत उतरला तर तिथे दोन रेणू होते. पायरीच नाही, उतार हळूहळू घसरतो आहे, तर तो कचऱ्याचा कण किंवा फोकसबाहेरचा पुंजका. असे ५० ठिपके हाताने बघा. त्यांच्या पठाराच्या उंचीचा हिस्टोग्राम एका शिखराचा आला तर ठीक. दुप्पट उंचीवर दुसरे शिखर दिसले तर डाय अजून कमी करा.

गर्दीचा प्रश्न जलद ट्रॅकिंगमध्ये जास्त बोचतो. समजा मोकळ्या प्रथिनाचा विसरण गुणांक (रेणू किती वेगाने भटकतो याचे माप) ३ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद आहे आणि फ्रेममधले अंतर १० मिलिसेकंद. दोन फ्रेममध्ये रेणू सरासरी ४ × ३ × ०.०१ चे वर्गमूळ, म्हणजे ०.३५ मायक्रोमीटर सरकतो. काही रेणू मायक्रोमीटरभर जातात. शेजारचा ठिपका तेवढ्याच अंतरावर असेल तर सॉफ्टवेअर दोघांच्या वाटा एकमेकांत गुंफणार. यामुळे खोट्या लांब उड्या तयार होतात आणि विसरण गुणांक फुगतो. १०० चौरस मायक्रोमीटरच्या केंद्रकात एका फ्रेमला पाचाच्या आत ठिपके ठेवा. चित्र रिकामे वाटते, पण डेटा ५० पेशींमधून गोळा होतो, एका पेशीतून नाही.

याच ठिकाणी उलटी चूकही होते: हलणारे रेणू दिसतच नाहीत. १० मिलिसेकंदांच्या सलग एक्स्पोजरमध्ये २ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंदाचा रेणू ०.२८ मायक्रोमीटर सरकतो, डाग पसरट आणि फिकट होतो, थ्रेशोल्डखाली जातो. मग सगळेच प्रथिन डीएनएला चिकटलेले आहे असे वाटते. लेझर प्रत्येक फ्रेममध्ये फक्त १ ते २ मिलिसेकंद पेटवा आणि पॉवर त्या प्रमाणात वाढवा. १ मिलिसेकंदात तोच रेणू ०.०९ मायक्रोमीटर सरकतो, डाग जवळपास गोलच राहतो. लेझर कॅमेऱ्याच्या ट्रिगरशी जोडलेला असावा. सॉफ्टवेअरने चालू-बंद करून एवढी अचूकता येत नाही.

पॉवरचा आकडा लेझरच्या खोक्यावरून घेऊ नका, ऑब्जेक्टिव्हच्या बाहेर पॉवर मीटरने मोजा आणि क्षेत्रफळाने भागा. १० मिलिवॅट २० मायक्रोमीटर व्यासाच्या वर्तुळावर पडले तर ३.२ किलोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर होतात. तेच ४० मायक्रोमीटरवर पसरले तर ०.८. "आम्ही पण १० मिलिवॅटच वापरतो" या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नसतो.

हायलोचा कोन

ठिपके खरे असूनही बॅकग्राउंडमध्ये बुडत असतील तर प्रकाशाचा कोन बघा. टर्फमध्ये (काचेलगतचा पातळ थरच उजळणाऱ्या पद्धतीत) उजेड काचेपासून जेमतेम १०० ते २०० नॅनोमीटर आत शिरतो, केंद्रक त्याच्या बरेच वर असते. हायलोमध्ये कोन क्रांतिक कोनापेक्षा (ज्यापुढे सगळा उजेड काचेतच परत फिरतो) किंचित कमी ठेवतात, त्यामुळे तिरपा पातळ पट्टा पेशीतून जातो. टोकुनागा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेली ही पद्धत केंद्रकासाठी आजही सगळ्यात सोपी आहे.

कोन जुळवताना आधी काचेवर फोकस करून टर्फपर्यंत जा, मग फोकस २ ते ३ मायक्रोमीटर वर केंद्रकात न्या आणि कोन हळूहळू मागे आणा. केंद्रकाच्या मध्यभागी ठिपके उठून दिसू लागतात आणि पेशीचा वरचा भाग काळोखा राहतो ती जागा धरा. पट्टा पातळ व्हावा म्हणून फील्ड डायफ्रॅम लहान करा. मोठ्या वर्तुळात पट्टाही जाड होतो. कोन दर डिशला थोडा बदलतो, कारण काच नेमकी सपाट बसत नाही. म्हणून तो मागच्या दिवसाच्या आकड्यावर ठेवून देऊ नका.

फोकस सरकत असेल तर स्टेज आणि ऑब्जेक्टिव्ह हीटर ३७ अंशांवर निदान तासभर आधी सुरू करा आणि फोकस लॉक लावा.

"प्रथिन इतके सेकंद टिकते": सगळ्यात महाग पडणारी चूक

खोटे ठिपके सर्वाधिक नुकसान करतात ते डीएनएवरचा टिकाव-काळ मोजताना. इथे ५०० मिलिसेकंदांचे लांब एक्स्पोजर आणि कमी पॉवर वापरतात. मोकळा रेणू तेवढ्या वेळात २ मायक्रोमीटर भटकून पुसला जातो आणि बसलेला रेणू ठिपका म्हणून उरतो. ठिपका किती वेळ टिकला याचा आलेख काढतात, त्यावर दोन घातांकी वक्र बसवतात, आणि सावकाश उतरणाऱ्या भागाला "विशिष्ट बंधन" म्हणतात.

या सावकाश भागात काचेला चिकटलेला डायही बसतो. टॅग असलेल्या पेशींमध्ये २०० ट्रॅक आणि टॅग नसलेल्या तितक्याच पेशींमध्ये ३० ट्रॅक मिळाले, तर भेसळ १५ टक्केच वाटते. पण १० सेकंदांहून लांब ट्रॅक वेगळे मोजा. २०० पैकी ४० लांब असतील आणि ३० पैकी २५ लांब असतील, तर तुमच्या लांब ट्रॅकमध्ये निम्म्याहून जास्त भेसळ आहे. म्हणून नियंत्रण पेशींचे ट्रॅकही त्याच लांबीनुसार मोजल्याशिवाय या आलेखावर विश्वास ठेवू नका.

दुसरी भेसळ ब्लीचिंगची. ठिपका नाहीसा होतो तो एकतर प्रथिन सुटल्यामुळे किंवा डाय विझल्यामुळे. कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच. दोन्ही दर एकमेकांत मिळवले जातात, म्हणून दिसणाऱ्या काळाच्या व्यस्तातून ब्लीचिंगच्या काळाचा व्यस्त वजा करावा लागतो. ब्लीचिंगचा काळ मिळवण्यासाठी एच२बी हिस्टोनला (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एका प्रथिनाला) तोच हॅलोटॅग आणि तोच डाय लावून त्याच सेटिंगवर मोजतात, कारण एच२बी डीएनएवरून तासन्‌तास हलत नाही.

समजा एच२बीचा काळ २० सेकंद आणि तुमच्या प्रथिनाचा १२ सेकंद आला. १/१२ मधून १/२० वजा केले की १/३०, म्हणजे खरा टिकाव ३० सेकंद. हे उत्तर भरवशाचे आहे. पण प्रथिनाचा काळ १९ सेकंद आला तर? वजाबाकी करून ३८० सेकंद मिळतात. आता १९ ऐवजी १८ धरून बघा: १८० सेकंद. एका सेकंदाच्या फरकाने, जो दोन डिशमध्ये सहज येतो, उत्तर निम्म्यावर आले. तुमच्या प्रथिनाचा काळ एच२बीच्या काळाच्या जवळ आला असेल तर तो प्रथिनाचा गुणधर्म नाही, तुम्ही डायचे आयुष्य मोजले आहे. सॉक्स२ या डीएनएला बांधणाऱ्या प्रथिनाचा विशिष्ट बंधनाचा काळ १२ सेकंदांच्या आसपास मोजला गेला आहे, तो अशा मांडणीत नीट मोजता येतो. सीटीसीएफ डीएनएवर मिनिटभर किंवा त्याहून जास्त टिकते आणि कोहेसिन २० मिनिटांच्या आसपास. ही प्रथिने सलग उजेडात मोजायचा प्रयत्नच करू नका.

अशा वेळी उजेडाच्या मध्ये अंधार सोडा. एक्स्पोजर १०० मिलिसेकंद कायम ठेवा आणि फ्रेममधले अंतर बदला: ०.१, ०.५, २ आणि ८ सेकंद. प्रत्येक अंतरासाठी ठिपका नाहीसा होण्याचा दर काढा, त्याला त्या अंतराने गुणा आणि हा गुणाकार अंतरासमोर मांडा. बिंदू सरळ रेषेत बसले तर रेषेचा चढ म्हणजे प्रथिन सुटण्याचा दर आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ते एका फ्रेममधल्या ब्लीचिंगचे प्रमाण. रेषा वाकली तर दोन शक्यता: प्रथिनाच्या दोन वेगळ्या बंधन-अवस्था आहेत, किंवा लांब अंतरात क्रोमॅटिनच (डीएनए आणि त्याची प्रथिनेच) सरकून ठिपका जोडणीच्या मर्यादेबाहेर, म्हणजे सॉफ्टवेअर पुढच्या फ्रेममध्ये तो शोधते त्या अंतराबाहेर, गेला आहे. दुसरी शक्यता तपासायला तीच मालिका एच२बीवर घ्या. एच२बीचा चढ शून्याच्या जवळ यायला हवा. नाही आला तर जोडणीची मर्यादा थोडी वाढवा, एका फ्रेमची फट चालू द्या, कारण डाय मधूनच एखादा क्षण मिटतो, आणि रेषा पुन्हा काढा. एच२बीची रेषा सपाट झाल्यावरच आपल्या प्रथिनाचा चढ वाचा.